उतार

‘ग्रेसफुल डीग्रेडेशन’ला मराठीत काय म्हणावे, असे एका तरुण स्नेह्याने विचारले. तो जावास्क्रिप्टच्या विजेट-संचांवर मराठीत टिपणे लिहितो आहे आणि तूर्त ‘डौलदार अवनती’वर भागवतो आहे. ‘अवनती’ ऐकले की मला ढासळलेली साम्राज्ये आठवतात आणि ‘डौलदार’ ऐकले की पिसारा फुलवलेला मोर; ढासळता मोर काही डोळ्यांपुढे येईना. शिवाय मूळ कल्पनेत ढासळणे कुठेच नाही. ब्राउझर जुना असो, जाळे मंद असो, स्क्रिप्टची फाइल वाटेत अडकलेली असो, पानाने आपले मुख्य काम करत राहावे, एवढेच तिचे मागणे. सजावट गेली तरी चालेल, अर्ज भरता आला पाहिजे.

मूळ शब्द फोडून पाहू. ‘डीग्रेड’मध्ये लॅटिन ‘ग्रादुस’ आहे, म्हणजे पाऊल, पायरी, ‘ग्रेड’ही त्याचाच. ‘ग्रेस’च्या मागे ‘ग्रातुस’ आहे आणि त्याचा दूरचा वैदिक भाऊबंद ‘गूर्त’, म्हणजे वाखाणलेला, आवडलेला. दोन्ही जोडले तर ‘लोकांच्या पसंतीत राहून पायरी उतरणे’ असा काहीसा अर्थ निघतो. इथे मराठीत एक तयार शब्द समोर येतो : पायउतार. आज तो मंत्र्यांच्या आणि अध्यक्षांच्या वाट्यालाच उरला आहे. जुना अर्थ साधा होता : घोड्यावरून किंवा पालखीतून उतरून पायी होणे. वाहन पुढे जात नसेल तर पायी जावे, मुक्काम तोच. अर्थ अगदी बेतशीर बसतो. पण राजकारणाने शब्द इतका मळवला आहे की विजेट पायउतार झाले म्हटले तर राजीनाम्याची बातमी वाटेल. म्हणून त्यातला ‘पाय’ सोडला आणि ‘उतार’ तेवढा हाती धरला.

‘उतरणे’ हे संस्कृत ‘उद् + तॄ’वरून आले. ‘तॄ’ म्हणजे तरणे, पार होणे. ‘उद्’ म्हणजे वर. तेव्हा ‘उत्तरति’ म्हणजे पाण्यातून वर येतो, तीराला लागतो. आता गंमत पाहा : वर येण्याचा शब्द मराठीत खाली येण्याचा झाला! कसा झाला असावा? नावेतून काठावर पाऊल टाकणारा माणूस एकाच क्षणी दोन्ही करतो. पाण्यातून वर येतो आणि नावेतून खाली येतो. प्राकृत ‘उत्तरइ’मध्ये पार होणे आणि खाली येणे हे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी दिसतात. पुढे नावेच्या जागी घोडा आला, घोड्याच्या जागी गाडी आली, काठ विसरला गेला आणि खाली येणे तेवढे शिल्लक राहिले असे दिसते. नुसत्या खाली येण्यासाठी संस्कृतात ‘अव + तॄ’ होतेच. पण त्याचे ‘अवतरणे’ देवांसाठी राखून ठेवले गेले. माणसे उतरतात, देव अवतरतात. (संगणकाच्या पडद्यावर हल्ली कोणीही ‘अवतार’ घेतो, ती गोष्ट वेगळी.)

एक खबरदारी इथेच घ्यायला हवी. उत्तर दिशा आणि प्रश्नाचे उत्तर यांतला ‘उत्तर’ या कुळातला नव्हे. तिथे ‘उद्’ला तुलनेचा ‘-तर’ लागला आहे : अधिक वरचा, नंतरचा. लिहिण्यात दोन्ही सारखे, म्हणून व्युत्पत्तीच्या हौशी शिकाऱ्यांचा पाय इथे हमखास अडकतो.

‘उतार’ या नामाचा जुन्या कोशांत एक अर्थ आहे जो शहरात आता ऐकू येत नाही : नदी पायी ओलांडता येईल अशी जागा. नदीला उतार आहे म्हणजे पाणी ओसरले, पार होता येते. ‘तीर्थ’ही याच धातूचे, त्याचाही मूळ अर्थ पाण्यात उतरण्याची, पार होण्याची जागाच, पुण्य नंतर चिकटले. कोकणात नदी-खाडीतून ये-जा करणारी ‘तर’, गलबताचे ‘तारू’, प्रवासी तो ‘उतारू’, माल उतरवून घेण्याचे ठिकाण ती ‘उतारपेठ’, सगळे या एका घरचे. तापाला पडतो तो उतार, विषावरचा तो उतारा, दृष्ट लागली म्हणून तिकाटण्यावर ठेवतात तोही उतारा, आणि तलाठ्याकडून आणतो तोही उताराच. ताप, विष आणि दृष्ट यांत वरचे संकट खाली आणण्याचा भाव आहे. सातबाराच्या उताऱ्यात मूळ कागदावरचे दुसऱ्या कागदावर ‘उतरवून’ घेतले आहे. म्हणजे नक्कल ही सुद्धा एक पार करणेच : मजकूर एका काठावरून दुसऱ्या काठाला सुखरूप लागतो.

मी हे नरपडला बसून लिहितो आहे, आणि त्याला एक कारण आहे. नरपड हे डहाणूच्या उत्तरेला बोर्डीच्या वाटेवरचे समुद्रकाठचे गाव. (नावातल्या ‘पड’मागे संस्कृत ‘पाटक’, म्हणजे आपला ‘पाडा’, असावा असा माझा कयास.) नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. आपल्या दानधर्माची यादी देताना तो सांगतो की इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर आपण होड्यांनी ‘पुण्यतर’ चालू केली. दमण ती दमणगंगा, पारादा ती पार असावी, आणि दाहनुका हे नाव डहाणूकराला समजावून सांगायची गरज नाही. ‘तर’ हा शब्द तोच, ‘तॄ’चा. पुण्यतर म्हणजे फुकट तर, पैसे न घेता पैलतीरी नेणारी. त्या नद्यांच्या दोन्ही काठांवर ‘सभा’ आणि ‘प्रपा’ही त्याने बांधल्या, म्हणजे विसाव्याच्या जागा आणि पाणी पिण्याच्या जागा. या ‘प्रपा’चीच पुढे ‘पोय’, ‘पोई’ झाली आणि आपण तिला पुन्हा पाणी जोडून ‘पाणपोई’ केली.

‘तर’ फुकट होती, हे नोंदवण्याजोगे का वाटले असावे? एरवी पैसे पडत म्हणून. हिंदीत ‘उतराई’ म्हणजे नावाड्याला द्यायचा पार उतरवण्याचा मोबदला. रामाला पार नेणाऱ्या केवटाची गोष्ट त्यावरच उभी आहे. मराठीत आपण उपकाराचे ‘उतराई’ होतो. कोणी पार नेले, त्याचे देणे फिटले, म्हणून उतराई, असा अर्थप्रवास झाला असावा. गुजरातीत ‘उतारो’ म्हणजे मुक्कामाची जागा, आणि मराठीतही पाहुणे कोणाकडे तरी ‘उतरतात’च. तलासरीच्या पलीकडे भाषा बदलते, पण या शब्दाला नाक्यावर कोणी अडवत नाही.

आता फारसीकडे वळू, कारण या किनाऱ्यावर फारसीला टाळून चालत नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूबागांमागे इराणी झरतुष्ट्री बागायतदारांची मेहनत आहे, आणि थोडे उत्तरेला संजाण आहे, जिथे पारशांचे पूर्वज गलबतांतून उतरले असे ‘किस्सा-ए-संजान’ सांगतो. ज्या ‘तॄ’वरून आपले तरणे-उतरणे आले, त्याची इराणी बहीण ‘तर्’. तिला ‘वि’ लागून जुन्या इराणीत ‘वि-तर्’ झाले : ओलांडून जाणे. मध्य फारसीत त्याचे ‘विदर्’, आणि नव्या फारसीत ‘व’चा ‘गु’ होऊन ‘गुज़र’. यावरून आपल्याकडे ‘गुजराण’, ‘गुजारा’ आणि प्रसंग ‘गुदरणे’ आले. म्हणजे गुजराण करणे म्हणजे व्युत्पत्तीने दिवस पार करणे, रोजची नदी ओलांडणे. ‘उतार’ आणि ‘गुजराण’ या सख्ख्या चुलत बहिणी, हजारो वर्षांनी मराठीत पुन्हा एका घरात नांदायला आल्या, आणि एकमेकींना ओळखतही नाहीत. (गुजरात आणि गुजराण यांचे मात्र काही नाते नाही. तो ‘गुर्जरत्रा’.)

गुजराण म्हटले की संस्कृत बाजूचा ‘निर्वाह’ आठवतो. ‘निर् + वह्’, शेवटपर्यंत वाहून नेणे. संस्कृत नाटकाच्या पाच संधींत शेवटचा ‘निर्वहण’, सगळे धागे मुक्कामाला नेणारा. याचेच प्राकृतात ‘निव्वाह’, आणि ‘व’ व ‘ह’ एकमेकांत मिसळून मराठीत ‘निभाव’. ‘याच्यावर निभाव लागेल’ हे वाक्य ग्रेसफुल डीग्रेडेशनच्या इतके जवळ आहे की क्षणभर तोच शब्द घ्यावासा वाटला. पण निभावात एक नाइलाज आहे, हातचे नसल्याची कुरकुर आहे. ज्या रचनेबद्दल माझा स्नेही लिहितो ती नाइलाजाची नाही, आधीपासून ठरवून केलेली आहे.

हे ठरवून करणे म्हणजे काय? इथे विजेट जरा जवळून पाहू. ‘विजेट’ला मुळात अर्थच नव्हता. १९२४ मध्ये जॉर्ज कॉफमन आणि मार्क कॉनेली यांचे ‘बेगर ऑन हॉर्सबॅक’ हे अमेरिकी नाटक आले. त्यातला गरीब संगीतकार पैशाच्या मोहाने एका कारखानदाराच्या घरात अडकतो, आणि त्या कारखान्यात बनते ‘विजेट’. म्हणजे काय, ते कोणी सांगत नाही. सांगायचे नाही हाच विनोद. आपल्याकडे या जागी ‘अमुक’ आहे, ‘ढमका’ आहे आणि अरबीतून आलेला ‘फलाणा’ आहे. अरबी ‘फुलान’, हिब्रू ‘पलोनी’, आणि अरबांच्या राजवटीतून स्पॅनिशमध्ये गेलेला ‘फुलानो’, तिघेही तोच बिननावाचा इसम! विजेट-संच म्हणजे फलाण्या-बिस्ताण्यांची पेटी म्हणायला व्युत्पत्तीची हरकत नसावी.

अशी पेटी म्हणून डोजोचे नाव घ्यावे लागते. २००४ च्या सुमारास सुरू झालेला हा संच. पानात एक साधी खूण लिहायची, तिला ‘डोजोटाइप’ नावाचा गुणधर्म जोडायचा, आणि पान उघडल्यावर स्क्रिप्टने ती खूण शोधून तिथे दिनदर्शिका, सरकपट्टी किंवा टॅबची चौकट उभी करायची. सोय फार चांगली. अडचण एवढीच की डिसेंबर १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ च्या नियमावलीत ‘डोजोटाइप’ नावाचा गुणधर्मच नव्हता. पान व्हॅलिडेटर या नियम तपासणाऱ्या प्रणालीपुढे नेले की तो ओळीमागून ओळ लाल करी. मग वादाला तोंड फुटले. एक पक्ष म्हणे, नियमबाह्य खूण ती नियमबाह्य. दुसरा म्हणे, ब्राउझर अनोळखी गुणधर्माकडे दुर्लक्ष करतो, कोणाचे बिघडले काय?

‘व्हॅलिड’ला आपण ‘वैध’ म्हणतो, पण दोन्हींचे पिंड वेगळे. वैध म्हणजे विधीला धरून. ‘व्हॅलिड’च्या मागचे लॅटिन ‘वालेरे’ म्हणजे बळकट असणे. एकात आज्ञापालन, दुसऱ्यात ताकद. डोजोच्या वादातले दोन पक्ष नकळत या दोन व्युत्पत्तींच्या बाजूनेच भांडत होते असे मला वाटते : एकाला विधी हवा होता, दुसऱ्याला पान टिकण्याशी मतलब होता.

निकाल भाषेनेच लावला, म्हणजे एचटीएमएलच्या भाषेने. तिच्या पाचव्या आवृत्तीत सोय झाली की ‘डेटा-’ने सुरू होणारा कुठलाही गुणधर्म लेखकाने आपल्या कामासाठी बनवावा, तो रीतसर धरला जाईल. २०११ च्या डोजो १.६ मध्ये ‘डोजोटाइप’चे ‘डेटा-डोजो-टाइप’ झाले आणि लाल ओळी गेल्या. या ‘डेटा’बद्दल एक आडवळण घेतल्याशिवाय राहवत नाही. लॅटिन ‘दातुम’ म्हणजे दिलेले, संस्कृत ‘दत्त’. आता उषवदाताकडे पुन्हा पाहा. त्याचे नाव संस्कृतात ‘ऋषभदत्त’, प्राकृत रूपात ‘दात’. फुकट तर चालवणाऱ्याच्या नावातच डेटा होता!

‘मार्कअप’कडेही थोडे पाहायला हवे. छापखान्यात हस्तलिखित जुळाऱ्याकडे जाण्याआधी त्यावर खुणा करत : हे मथळ्याच्या खिळ्यांत, हे तिरपे, इथून परिच्छेद नवा. त्या खुणांना मार्कअप म्हणत. त्याच्याही मागे जुन्या जर्मानिक भाषांत ‘मार्क’ म्हणजे सीमा, सीमेवरचा दगड. फारसी ‘मर्ज़’ म्हणजे सरहद्द ही त्याचीच नातलग. आपल्या ‘मर्यादा’लाही यात ओढण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. टॅगचे, म्हणजे पानातल्या खुणेचे, काम शीव दाखवण्याचेच आहे : इथे यादी सुरू झाली, इथे संपली. मुंबईचे शीव आणि राज्याची तलासरीची शीव, दोन्ही ‘सीमा’च्याच. शीवेचा दगड हलवला की गावोगाव भांडणे लागतात. एक टॅग बंद करायचा राहिला की प्रत्येक ब्राउझर आपापल्या अंदाजाने शीव मांडतो, आणि स्क्रिप्टला खुणांची अपेक्षित मांडणी सापडत नाही. व्हॅलिड मार्कअपचे खरे महत्त्व इथे आहे. प्रमाणपत्राच्या चिकटपट्टीत नाही.

ब्राउझरांच्या या अंदाजांवर उपाय म्हणून २००० साली एचटीएमएलचे काटेकोर रूप, एक्सएचटीएमएल, आले. त्याचा बाणा ‘मोडेन पण वाकणार नाही’ : पान त्या पद्धतीने नीट पाठवले आणि एक टॅग उघडा राहिला, तर वाचकाला मजकुराऐवजी चूक झाल्याचा संदेश दिसे. त्याआधी वीस वर्षे, १९८० मध्ये, जॉन पॉस्टेल यांनी इंटरनेटच्या नियमांत उलटी शिस्त सांगितली होती. पाठवताना आपण काटेकोर असावे, घेताना उदार. एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीने चुकीचे मार्कअप कसे समजून घ्यायचे याचेही नियम लिहून टाकले, म्हणजे सगळ्या ब्राउझरांचे वाकणे एकसारखे झाले. संस्कृत व्याकरणकारांची आठवण होते. त्यांनीही अपवादांना नियमात बसवले, बाहेर हाकलले नाही. या काटेकोरपणातली सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात छळणारी बाब म्हणजे अवतरणचिन्हे. गुणधर्माची किंमत अवतरणचिन्हांत घातली तर ती चिन्हे सरळ हवीत; लेखनाच्या प्रणालीतून चिकटवलेली वळणदार चिन्हे आली की ब्राउझर त्यांना चिन्हे मानतच नाही. ‘अवतरण’ही अखेर ‘तॄ’चेच : दुसऱ्याचे बोल आपल्या पानावर उतरवणे.

उताराचा, म्हणजे एक नसेल तर त्याऐवजी दुसरे देण्याचा, एक प्रकार एचटीएमएलमध्ये बऱ्याच काळापासून ओळखीचा आहे, ‘नोस्क्रिप्ट’ नावाची खूण. स्क्रिप्ट नसेल तर त्याऐवजी हे दाखवा. ‘ऐवजी’ अरबी ‘इवज़’वरून, म्हणजे मोबदला, बदल्यात दिलेले. त्याच शब्दाचे मराठीत दुसरे रूप ‘ऐवज’, म्हणजे दागदागिने, रोकड. एकाच मुळाचा एक फाटा तिजोरीत गेला आणि दुसरा अव्यय होऊन राहिला! ऐवजीमध्ये ऐवज असला पाहिजे, एवढे तरी ही व्युत्पत्ती शिकवते. नोस्क्रिप्टमध्ये बहुतेक जण ‘कृपया जावास्क्रिप्ट चालू करा’ एवढेच लिहितात. त्याला ऐवज म्हणत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. पावसाळ्यात वीज गेली की मोबाइलचे जाळे एका दांडीवर येते. अशा वेळी एका सरकारी अर्जात जन्मतारखेचा रकाना भरायचा होता. रकान्यावर बोट ठेवले की दिनदर्शिका उघडावी अशी योजना. पण दिनदर्शिकेची स्क्रिप्ट आलीच नाही. हाताने लिहावे तर रकाना ‘फक्त वाचण्यासाठी’ करून ठेवलेला, लोकांनी भलतेच काही लिहू नये म्हणून. तारीख निवडता येईना आणि लिहिताही येईना. त्या पानाचे मार्कअप कदाचित पूर्ण वैध असेल, कारण ‘फक्त वाचण्यासाठी’ हा गुणधर्म अगदी नियमातला आहे. व्हॅलिडेटर अशी चूक पकडत नाही. तसेच, पानभर एक रिकामा डिव्ह, म्हणजे नुसती चौकट, ठेवून बाकी सगळे स्क्रिप्टकडून भरून घेतले, तर तेही रीतसर वैधच ठरते, रीतसर रिकामे. डोजोच्या नियमबाह्य गुणधर्मावर जेवढी शाई सांडली तेवढी या रिकामेपणावर सांडायला हवी होती.

याच रकान्याची चांगली रचना नियमावलीतच दडलेली आहे. रकान्याचा प्रकार ‘डेट’ लिहिला आणि ब्राउझरला तो प्रकार माहीत नसला, तर त्याने तो साधा मजकुराचा रकाना समजावा असा दंडक आहे. नवा ब्राउझर दिनदर्शिका दाखवतो, जुना लिहू देतो. तारीख दोन्हीकडून पोचते.

देवनागरीत ही सोय आणखी जुन्या विचारातून आली आहे. ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीत, आणि तिच्यावरून घडलेल्या युनिकोडच्या देवनागरीत, जोडाक्षर म्हणजे व्यंजन, हलन्त आणि व्यंजन. टंकात त्या जोडाक्षराचे सुबक रूप नसेल तर हलन्त उघडा दिसतो, एवढेच. शाळेत गुरुजी याला ‘पाय मोडणे’ म्हणत. पाय मोडला तरी अक्षर चालते, वाचता येते. १९९० च्या दशकातल्या अनेक मराठी संकेतस्थळांची रीत निराळी होती : रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला खास टंक. तो टंक संगणकात असला तर बातमी, नसला तर रोमन अक्षरांचा काला. तिथे उतार नव्हताच, नुसता कडा होता. पण हलन्ताच्या सोयीलाही हद्द आहे. ‘ऱ्य’मधला अर्धा र जिथे मिळत नाही तिथे लोक रफारावर भागवतात, आणि मग ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते. जव्हारकडच्या दऱ्या एका टंकाच्या उणिवेने फारसी समुद्र होतात! रूप गेले तर चालेल, अर्थ जाता कामा नये. उताराची शीव ती एवढीच.

या सगळ्याची दुसरी बाजू स्टीव्हन शॅम्पियन यांनी २००३ मध्ये ऑस्टिनच्या परिषदेत निक फिंक यांच्यासोबत मांडली आणि तिला ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’ नाव दिले. वरून खाली कसे उतरायचे हा प्रश्नच उलटा केला : खालून सुरू करा, मजकूर आणि खुणा आधी, सजावट नंतर, स्क्रिप्ट शेवटी. २००६ मध्ये याहूने ब्राउझरांच्या श्रेणी लावल्या, आणि ‘सी’ श्रेणीला स्क्रिप्ट-सजावट न पाठवता निव्वळ मजकूर पाठवायचे ठरवले. ‘ग्रादुस’ पुन्हा आलाच. या रचनेला मराठी घरातली उतरंड अगदी शोभते : तळाशी मोठे मडके, वर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान. रचायची खालून, काढायची वरून; वरचे मडके उचलले तरी खालच्याला धक्का नाही. ‘उतरंड’मध्ये ‘उत्तर’ म्हणजे वरचे, आणि ‘भांड’, असे काही असावे; म्हणजे ती कदाचित ‘तॄ’ची नसून मघाच्या तुलनादर्शक ‘-तर’ची निघेल. काढताना उतरवतात म्हणून लोकांनी तिचे नाते उतरण्याशी जोडून घेतले असावे. लोकव्युत्पत्ती चुकते, पण कधीकधी शहाणपणाने चुकते.

आता ‘उतरणे’च्या त्या अर्थाकडे येतो, ज्यामुळे माझे मत पक्के झाले. चेहरा उतरतो, भाव उतरतो, नशा उतरते, हे खाली येणे. पण चित्र छान उतरते. माणूस पसंतीस उतरतो. सोने कसोटीस उतरते. इथे उतरणे म्हणजे पार होणे, टिकणे. संस्कृत ‘उत्तीर्ण’ परीक्षेत जे करतो तेच. म्हणजे ‘उद्’मधले ते हरवलेले वर येणे मराठीने या वाक्प्रचारांत जपून ठेवले आहे. तेव्हा माझ्या स्नेह्याच्या टिपणांना लागणाऱ्या दोन्ही संज्ञा, ‘व्हॅलिड मार्कअप’ आणि ‘ग्रेसफुल डीग्रेडेशन’, एका क्रियापदात येतात. मार्कअप कसोटीस उतरावे, आणि विजेटला उतार असावा. पहिल्यात विधी, दुसऱ्यात पैलतीर. एक असले म्हणजे दुसरे आपोआप असते असे नाही. टिपणांत दोन्हींना वेगवेगळी प्रकरणे द्यावीत, आणि दुसरे आधी घ्यावे, असे मी त्याला कळवले आहे.

‘डौलदार अवनती’ खोडून ‘उतार’ लिहिताना एक आक्षेप येणार हे दिसते : उतार म्हटले की घाटाचा रस्ता आठवतो. येऊ द्या. ‘नदीला उतार’ हा अर्थ परत चलनात आला तर त्यात मराठीचा फायदाच आहे. डहाणू-बोर्डी-तलासरीच्या पट्ट्यात मांगेली, वाडवळी, वारली बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘उतार’, ‘तर’, ‘उतराई’ हे शब्द पाण्याच्या संदर्भात आजही असतील, तर ते कोणत्या वाक्यात आणि कोणत्या खाडीबद्दल वापरतात, एवढे वाचकांनी अवश्य कळवावे.